म्यानातली कात्री

बोईसरहून परतताना वाट वाकडी करून मी सातपाटीला गेलो. रात्री अवेळी पाऊस झालेला. बांबूंच्या वलांडीवरचे बोंबील मऊ पडून वास मारीत होते. ते उतरवता उतरवता मावशी म्हणाल्या, “भाऊ, सुकला तर सोनं, भिजला तर खत!”

हा घात बव्हंशी सूक्ष्म जंतूंचा. प्रथिने कापणारी पाचकद्रव्ये ते अंगाबाहेर सोडतात आणि मांस विरघळते. मग ही कात्री खुद्द जंतूलाच का कापीत नाही?

मातीतल्या बॅसिलस जंतूची युक्ती पाहा. त्याच्या सबटिलिसिन ह्या कात्रीत २७५ अमिनो आम्ले असतात. पण घडताना तिच्यावर आणखी ७७ आम्लांचे म्यान असते. तेच तिला आकार देते आणि तेच धार झाकते. पेशीबाहेर पडताच कात्री आपले म्यान आपणच कापून टाकते! तीही मुख्यतः अन्न सरून वाढ थांबली की घडते; सुबत्तेत नव्हे.

वाचकहो, रक्ताचे डाग काढणाऱ्या कित्येक धुण्याच्या पावडरींत ह्याच घराण्याची कात्री राबते. पाण्यावाचून मात्र ती हतबल. म्हणून मावशींची सारी भिस्त उन्हावर! मी निघालो तेव्हा ऊन पडले होते. वलांडीवर ताजे बोंबील चढत होते.