गाठीला सुई लावावी की नाही?

ऐन दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे चोळताना छातीत हाताखाली काहीतरी टणक लागावे आणि पाहुणेरावळे, फराळ, भाऊबीज यांच्या गडबडीत बाईने ते मनातच ठेवावे, असे आपल्या घरांतून पुष्कळदा घडते. सण उरकतात, तुळशीचे लग्न लागते, पाठोपाठ लग्नसराई येते. गाठ दुखत नसते, आणि जे दुखत नाही ते आपल्याकडे आजारात जमा होत नाही. वास्तविक स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

शेवटी धीर करून ती डॉक्टरांकडे जाते, आणि ते म्हणतात, "सुईने तुकडा काढून तपासू." इथे घरात एकच वाक्य उठते: "गाठीला सुई लावली की ती चवताळते!" शेजारच्या आजीबाईच नव्हे, चांगले पदवीधर मामा-काकाही हे छातीठोकपणे सांगतात. आमचा हा सारा खटाटोप त्या एका वाक्यासाठी आहे.

सुई नव्हती तेव्हा काय होत असे, ते आधी पाहावे. १९७० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतसुद्धा सर्वसाधारण रीत अशी होती: बाईला पूर्ण भूल द्यायची, गाठ काढायची, तिचा तुकडा तिथल्या तिथे गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलेत सगळा स्तन काढून टाकायचा. जाग आल्यावर आपले शरीर कसे असेल, हे ठाऊक नसतानाच ती डोळे मिटत असे. सही मात्र आधीच घेतलेली असे! १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने निदान आणि शस्त्रक्रिया या दोन पायऱ्या वेगळ्या कराव्यात, अशी शिफारस केली. आधी कळू द्या, विचार करू द्या, मग काय ते ठरवा. ही पहिली पायरी विनाऑपरेशन पार पाडता येऊ लागली, ती ध्वनी आणि सुई यांच्या जोडीमुळे.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गरोदर बाई आठवते. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी त्या यंत्राच्या दाराशी कायद्यानेच लावलेली असते. पण या यंत्राच्या बाळपणातच ते स्तनाच्या गाठीकडे वळले होते. जॉन वाइल्ड हे मूळचे इंग्रज शल्यचिकित्सक महायुद्धानंतर अमेरिकेत मिनिआपोलिसला गेले. आतड्याच्या भिंतीची जाडी मोजता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. वैमानिकांना रडारचे शिक्षण देण्यासाठी जवळच्या नौदलाच्या तळावर ध्वनिलहरींचे एक यंत्र होते, ते त्यांनी वापरून पाहिले. निरोगी भाग आणि अर्बुद यांच्याकडून येणारे प्रतिध्वनी वेगळे असतात, असे त्यांच्या ध्यानात आले. जॉन रीड या अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी हातात धरण्याजोगे यंत्र बनवले आणि १९५२ च्या सुमारास जिवंत स्तनातील गाठींची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली.

तत्त्व विहिरीत हाक मारण्याचेच. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकू येतात. स्तनाच्या तपासणीत ती कोटीच्या घरात असतात. कंपने जितकी अधिक, तितका बारकावा अधिक. मात्र ध्वनी खोल जात नाही. स्तन त्वचेलगतच असल्यामुळे हा तोटा इथे फारसा जाणवत नाही. गाठीत नुसते पाणी असेल तर पडद्यावर स्वच्छ काळा गोळा दिसतो, कारण आतून प्रतिध्वनीच येत नाही. तरुण मुलींत आढळणारी साधी, घट्ट गाठ लांबट, गुळगुळीत कडांची, त्वचेला समांतर पहुडलेली असते. कर्करोगाची गाठ बहुधा वेडीवाकडी, काटेरी कडांची, रुंदीपेक्षा उंच, आणि मागे सावली टाकणारी. १९९५ साली स्टॅव्हरॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५० घट्ट गाठी तपासून ही लक्षणे पद्धतशीर मांडली. त्यांतल्या ६२५ निरुपद्रवी निघाल्या, हा आकडा घाबरलेल्या भगिनींनी जरूर ध्यानात ठेवावा.

मात्र सोनोग्राफी केली म्हणून मॅमोग्राफी नको, असे समजू नये. मिठाच्या कणांसारखे बारीक चुन्याचे कण मॅमोग्राफीत अधिक चांगले दिसतात. तरुण, घट्ट बांध्याच्या स्तनात मात्र मॅमोग्राफीचे चित्र पांढरे धुरकट येते. तिथे ध्वनी सरस.

आता सुई. बाई उताणी पडते, हात डोक्यामागे. कातडीखाली बधिर करणारे इंजेक्शन देतात. खरे टोचते ते एवढेच. मग तांदळाएवढी चीर. डॉक्टरांच्या एका हातात यंत्राची मूठ, दुसऱ्यात सुई, आणि नजर पडद्यावर. सुई तिथे चकचकीत पांढऱ्या रेघेसारखी सरकताना दिसते. छातीच्या भिंतीला ती समांतर ठेवतात, म्हणजे फुप्फुसाकडे जाण्याचा धोका राहत नाही. सुईचे टोक गाठीशी भिडले की चाप दाबायचा. खटकन् आवाज होतो, कागदांना पिन मारण्याच्या यंत्रासारखा. खाच असलेली आतली सुई पुढे जाते आणि बाहेरची नळी तिच्यावरून सरकून मांसाचा बारीकसा तुकडा कापून घेते. असे चार-पाच तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतात. मग दहा-पंधरा मिनिटे दाबून धरायचे, पट्टी लावायची, टाके नाहीत. थोडे काळेनिळे पडते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे, इतकेच.

बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची जुनी रीतही आहे, पण तीत सुट्या पेशी मिळतात. तुकड्यात त्यांची मांडणी दिसते, आणि कर्करोग असल्यास तो कोणत्या औषधांना दाद देईल याच्या चाचण्याही त्यावरच होतात.

राहिला चवताळण्याचा प्रश्न. सुईच्या वाटेत कधी कधी चार-दोन पेशी सांडतात, हे खरे. पण त्यामुळे रोग पसरतो किंवा आयुष्य घटते असे आढळलेले नाही. सुई लावल्यावर गाठ वाढली, असे सांगणाऱ्या घरांत तुकडा काढल्यानंतर पुष्कळदा उपचारच झालेले नसतात! वाढले ते वाट पाहण्यात.

गाठ लवकर सापडण्याला किती मोल आहे, हे मुंबईतच दिसून आले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली दीड लाखाहून अधिक स्त्रियांची चाचणी हाती घेतली. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका ठरावीक काळाने नुसत्या हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशी आणि त्यापुढच्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. तुकड्याचा अहवाल 'साधी गाठ' असा आला, पण पडद्यावरचे चित्र काटेरी होते, असे कधी कधी होते. सुई चुकीच्या जागी लागली असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी तपासणी पुन्हा करावी लागते. तेव्हा अहवाल हाती पडल्यावर पेढे वाटण्याआधी, ज्यांनी सोनोग्राफी केली त्या डॉक्टरांना तो नेऊन दाखवावा आणि दोहोंचा मेळ बसतो का, हे स्पष्ट विचारावे.