एक रस्ता, तीन झेंडे आणि साडेसात मिनिटांचा चहा

दिल्लीत आयटीओ मेट्रो स्टेशनवर उतरायचं आणि दीनदयाळ उपाध्याय मार्गाला लागायचं. याचं जुनं नाव राउज अव्हेन्यू. इथल्या कोर्टामुळे ते अजून लोकांच्या तोंडी आहे. या एका रस्त्यावर आयटक, सिटू आणि भारतीय मजदूर संघ अशा तीन केंद्रीय कामगार संघटनांची मुख्यालयं आहेत. दोन लाल झेंडे आणि एक भगवा, शेजारी-शेजारी.

आता पाट्या वाचा. सिटूची इमारत बी. टी. रणदिवे भवन. मजदूर संघाची दत्तोपंत ठेंगडी भवन. आणि आयटकची धुरा ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली ते श्रीपाद अमृत डांगे मूळचे नाशिकचे. विचारांनी तिघांची तोंडं तीन दिशांना, पण तिघेही मराठी मुलखातून आलेले. यातल्या ठेंगडींची गोष्ट तर फारच सुरस आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा हा माणूस कामगार संघटना कशी चालवतात ते शिकायला आधी काँग्रेसच्या विचाराच्या इंटकमध्ये राबला आणि मग २३ जुलै १९५५ ला, टिळक जयंतीच्या दिवशी, भोपाळला त्याने मजदूर संघ काढला.

त्याच दिवशी, पण दिल्लीत

७ ऑगस्ट १९४२. मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेस महासमितीची बैठक सुरू झाली. ‘छोडो भारत’चा ठराव दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. सगळ्या देशाचे कान मुंबईकडे. नेमक्या त्याच ७ ऑगस्टला दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसले. अध्यक्षस्थानी होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं हाती घेऊन त्यांना जेमतेम काही आठवडे झाले होते. मालक आणि कामगार संयुक्त परिषदेत असे समोरासमोर येण्याची ही पहिलीच वेळ, हे त्यांनी भाषणात आवर्जून सांगितलं. त्यातून दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक मोठी परिषद, जिला पुढे भारतीय श्रम परिषद म्हणू लागले, आणि मधल्या काळात काम पुढे नेणारी स्थायी श्रम समिती. १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, ते विधेयकही त्यांच्याच खात्याचं. बाबासाहेबांची ही दिल्लीतली चार वर्षं आपल्या शाळेच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तीन बाजूंच्या या टेबलाचा नमुना मात्र त्याआधीचा. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना निघाली, तेव्हा हिशेब ठरला: प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी, दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेत हिंदी कामगारांच्या खुर्चीवर बसले नारायण मल्हार जोशी, म्हणजे लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग ज्यांच्या नावाने आहे तेच. त्या खुर्चीवर कोणाला पाठवायचं हे ठरवायला देशभराची संघटना हवी, या निकडीतून पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० ला, मुंबईत आयटक स्थापन झाली. पंगत आधी मांडली गेली, पाहुणे मागाहून जमले!

लुगड्यांचा हिशेब

या सगळ्यात माझा सर्वात आवडता तुकडा १९५७ चा. दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली आणि तिन्ही बाजूंनी मिळून एका अवघड प्रश्नाचं उत्तर लिहून काढलं: माणसाला जगायला किमान पगार किती लागतो?

उत्तर आकड्यांत नाही, वस्तूंत दिलं. कमावता माणूस १ एकक, त्याची बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. बेरीज बरोबर ३. प्रत्येक एककाला रोज २,७०० कॅलरी; हे माप पोषणतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीतून घेतलं. कापड माणशी वर्षाला १८ वार, चौघांचं मिळून ७२ वार. वर घरभाडं. मग इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण पगाराच्या २० टक्के.

१८ वार म्हणजे किती, हे कुठल्याही मराठी आजीला विचारा. दोन नऊवारी लुगडी! एक अंगावर, एक दांडीवर, आणि वर्षभर तेवढ्यावर भागवायचं. हिशेब कंजूष होता. बायकोचं पोट ०.८ धरलं आणि म्हातारे आईवडील तर मोजलेच नाहीत. तरीही मालकांच्या प्रतिनिधींनी त्याला मान डोलावली ही केवढी मोठी गोष्ट. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपणाची तरतूद आणि लग्नकार्य यांच्यासाठी आणखी २५ टक्के त्यात घालायला सांगितले. आजही पगाराच्या वाटाघाटीत मागणीपत्र लिहिणारा माणूस या १९५७ च्या मापाकडे वळतो.

पटापट काही

पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे (१९६६) अध्यक्ष न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर, साताऱ्याचे. त्याच वर्षी केंद्र सरकारी नोकरांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. तिच्या राष्ट्रीय परिषदेत अध्यक्ष म्हणून बसतात खुद्द कॅबिनेट सचिव. अख्ख्या उद्योगाने एकत्र बोलण्याची रीतही आपल्याकडे आहे. पोलाद कामगारांचा १९७० पासून, बँकवाल्यांचा १९६६ पासून असा करार होतो. मे २०२३ मध्ये झालेल्या कोळसा कामगारांच्या अकराव्या करारात १९ टक्के वाढ मिळाली.

न्हाव्यांचे हातमोजे

अख्ख्या उद्योगाने एकत्र बोलण्याची ही रीत युरोपात फार पुढे गेली आहे. जानेवारी १९८५ मध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक दलोर यांनी ब्रुसेल्सजवळच्या वाल द्युशेस या जुन्या वाड्यात मालक आणि कामगारांच्या पुढाऱ्यांना बोलावलं. आता युरोपात चाळीसहून अधिक उद्योगांच्या कायमच्या समित्या आहेत. इस्पितळांच्या समितीने इंजेक्शनच्या सुया टोचून होणाऱ्या जखमांवर करार केला आणि २०१० मध्ये त्याचा युरोपभर कायदा झाला. व्यावसायिक फुटबॉलची समिती आहे. खेळाडूच्या करारात निदान काय असावं ते तिने ठरवलं. २०१२ मध्ये केशकर्तनालयांचे मालक आणि कारागीर एकत्र बसले. दिवसभर ओले हात आणि केसांचे रंग यांमुळे कातडी सोलवटते, म्हणून हातमोजे, न घसरणारी पादत्राणं, कामावर अंगठी नको, असे बारीक नियम त्यांनी लिहिले. युरोपीय आयोगाने त्यांचा कायदा केला नाही, तो भाग वेगळा. पण आपल्या गल्लीतल्या सलूनमधल्या पोराच्या हातांकडे एकदा बघा, म्हणजे या कराराचं मोल कळेल.

मानेसरचा चहा

आता परत आपल्याकडे. दिल्लीहून जयपूरच्या रस्त्याने गुरुग्राम ओलांडलं की कारखान्यांचं मानेसर. पाळी सुटायच्या वेळी तिथे उभं राहावं. बसगाड्यांची रांग, एकाच रंगाच्या गणवेशातली विशीतली पोरं, पाठीला सॅक, हातात मोबाइल. इथे प्रत्येक कारखाना आपापलं बोलतो. मोठ्या कंपनीत तीन वर्षांचा करार होतो. तिला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यातल्या कंत्राटी पोरापर्यंत तो पोचत नाही.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये गुरुग्रामला मारुती सुरू झाली तेव्हा जपानी पद्धतीचं मोठं कौतुक झालं. साहेब आणि कामगारांचा गणवेश एक, कँटीनही एक. मारुतीच्याच मानेसरच्या कारखान्यात २०११ मध्ये संप झाला तेव्हा कामगारांची मुख्य मागणी आपली स्वतंत्र युनियन मान्य व्हावी ही होती. जोडीला गाऱ्हाणं होतं चहाच्या सुट्टीचं: साडेसात मिनिटं. त्यात लाइनवरून निघायचं, लघवीला जायचं, चहा घ्यायचा आणि परत जागेवर उभं राहायचं. घड्याळ लावून घरात करून बघा, कप तोंडाला लागेपर्यंतच वेळ संपतो. १८ जुलै २०१२ ला त्याच कारखान्यात हिंसाचार झाला, मनुष्यबळ विभागाचे अधिकारी अवनीश कुमार देव यांचा जीव गेला आणि २०१७ मध्ये १३ कामगारांना जन्मठेप झाली. त्या दिवशी किती घरांचं वाटोळं झालं, ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

बाबासाहेबांनी मांडलेलं ते टेबल? भारतीय श्रम परिषदेचं सेहेचाळिसावं अधिवेशन जुलै २०१५ मध्ये दिल्लीत झालं, आणि त्यानंतर वर्षांमागून वर्षं खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

चार नव्या श्रमसंहिता मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात एक नियम गमतीचा आहे. एका कारखान्यात अनेक युनियन असतील तर ५१ टक्के कामगार जिच्या मागे, तिनेच मालकाशी बोलायचं. तेवढे कोणाकडेच नसतील तर निदान २० टक्के कामगार मागे असलेल्या सगळ्या युनियननी मिळून एक वाटाघाट परिषद करायची, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. म्हणजे मानेसरच्या एखाद्या कारखान्यात दोन लाल झेंडे आणि एक भगवा यांना मालकासमोर एकाच बाकावर बसावं लागू शकेल. राउज अव्हेन्यूवर ते शेजारी आहेतच.