बेडकाची शेपूट आणि कमलाबाईंचा बटाटा

मृगाचे चार सडे पडले की आपल्या कोल्हापूरच्या आसपासची डबकी बेडूकमाशांनी भरून जातात. पंचगंगेकाठच्या उसाच्या सरीत साठलेल्या पाण्यातसुद्धा ते वळवळताना दिसतात. थोड्या दिवसांत त्यांना पाय फुटतात आणि शेपूट आखडत आखडत नाहीशी होते. मग तुम्ही पोरं विचारता, "आबा, शेपटी गळून पडली व्हय?"

नाही रे बाळांनो. सगळं डबकं उपसलंत तरी तुटलेली शेपूट सापडायची नाही. ती बेडकाच्या अंगातच जिरते. त्याच्या गळ्याजवळच्या ग्रंथीतून थायरॉईडचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि शेपटीतल्या पेशींना सांगावा जातो, की आता तुमचं काम संपलं. त्या पेशी शिस्तीनं मरतात. बेडूक त्या दिवसांत जवळजवळ काही खात नाही. शेपटीतून सुटलेल्या द्रव्यांवरच तो निभावून नेतो.

पेशी दोन तऱ्हेनं मरते. 2019 च्या महापुरात मातीच्या भिंतींची घरं कशी कोसळली, ते तुम्ही घरात ऐकलंय. भाजलं, चेंगरलं की पेशी तशीच फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि शेजारच्या पेशींना दाह होतो. पण जुना वाडा जाणता गवंडी उतरवतो तेव्हा आधी कौलं, मग वासे, मग तुळया काढतो, आणि त्यातला कण न् कण पुन्हा कामी येतो. शेपटीतल्या पेशींचं मरण या दुसऱ्या जातीचं. केर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये त्याला 'अपॉप्टोसिस' असं नाव दिलं.

तुमच्या हाताची बोटं आईच्या पोटात आधी जोडलेलीच होती. मधल्या पेशी मेल्या म्हणून ती सुटी झाली. बदकाच्या पायात त्याच पेशी वाचतात, म्हणून त्याला पोहायला पडदा मिळतो.

हे मरण आधीच ठरलेलं असतं, याचा पुरावा मातीतल्या एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीनं दिला. जॉन सल्स्टन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दीड वर्ष त्याच्या गर्भातली एकेक पेशी पाहत बसले. त्या कृमीच्या अंगात एकूण 1090 पेशी जन्मतात आणि त्यांतल्या 131 मरतात. प्रत्येक कृमीत त्याच पेशी मरतात, आणि त्याच वेळी! हा हुकूम देणारी जनुकं पुढे रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी शोधली. सिडनी ब्रेनर यांच्यासह या दोघांना 2002 चं नोबेल मिळालं.

पण आपल्या पेशीच्या आत हा निरोप कोण पोचवतं? इथे गोष्टीत एक मराठी बाई येते: कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला तेव्हा 'मुलगी आहे' म्हणून संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना नाकारलं. कमलाबाई हटल्या नाहीत. अटी घालून प्रवेश मिळाला, आणि कामाच्या बळावर त्यांनी रामन यांना मत बदलायला लावलं.

पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्याच्या पेशींवर काम केलं. 'सायटोक्रोम सी' हे लालसर रंगाचं प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाचं काम करतं, हे त्यांनी दाखवून दिलं. 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

हे प्रथिन पेशीतल्या मायटोकाँड्रियात राहून इलेक्ट्रॉन पुढे पोचवतं. त्यावरच पेशीला ऊर्जा मिळते. म्हणजे ते जगवणारं. आणि 1996 मध्ये अमेरिकेत झिआओडाँग वांग यांनी माणसाच्या पेशींत पाहिलं, की हेच सायटोक्रोम सी मायटोकाँड्रियातून बाहेर निसटलं की मरणाचा सांगावा होतं! ते दुसऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं, मग 'कॅस्पेस' नावाची विकरं जागी होतात आणि पेशी आतून उतरवू लागतात.

कित्येक कर्करोगांत या निसटण्याची वाटच बंद झालेली असते, म्हणून बिघडलेली पेशी मरायलाच तयार होत नाही. रक्ताच्या काही कर्करोगांवर 2016 पासून वापरात आलेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध ती वाट मोकळी करतं.

कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला तेव्हा या प्रथिनाचं हे दुसरं काम जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी कोणता रेणू कुठे असतो आणि काय करतो, एवढं कुणीतरी चोख दाखवून ठेवावं लागतं. पुढची माणसं त्यावरच उभी राहतात. तुमच्यापैकी कुणी उद्या शिवाजी विद्यापीठात जीवरसायन शिकायला जाल, तेव्हा बटाट्याला काय किंवा मातीतल्या कृमीला काय, हलकं लेखू नका. हे जगतं कसं, हे विचाराल तेव्हा वेळ आली की थांबतं कसं, हेही विचारा. दोन्ही प्रश्नांना एकच रेणू उत्तर देऊ शकतो.