पंखे सहा, तरी कॉम्प्युटर तापतोय?

सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडणाऱ्यांची एक समजूत असते: कॅबिनेटला पंखे जितके जास्त, तितका गारवा जास्त. तसं होत नाही. हवेला आत यायला वाट लागते, तशी बाहेर जायलाही लागते. सगळेच पंखे आत हवा ढकलत असतील तर ग्राफिक्स कार्डची गरम हवा तिथंच घुटमळते. ९५ ते १०० अंशांपर्यंत गेला की बहुतेक प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. व्हिडिओ एडिटिंग अडखळतं, आणि शिव्या सॉफ्टवेअरला!

साधी मांडणी पुरते. समोरचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागचा एक बाहेर टाकणारा. वर लावायचाच तर मागच्या टोकाला, तोही बाहेर टाकणारा. पुढच्या टोकाला लावला की समोरून आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच निसटते. मोटर धरणाऱ्या पट्ट्या ज्या बाजूला दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. शंका असेल तर टिश्यू पेपर धरून बघावा.

आत येणारी हवा थोडी जास्त असलेली बरी. धूळ फटींतून ओढली जात नाही. जाळी मात्र वरचेवर साफ करायला हवी. आणि मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतील, तर आतली हवा त्याखाली कुठलाच पंखा नेणार नाही.

नवे पंखे घेण्याआधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तापमान बघावं. बरंच उतरलं, तर हवेची वाट अडली आहे. जेमतेम उतरलं, तर कूलर नीट बसलाय का आणि थर्मल पेस्ट सुकली आहे का, हे तपासावं.