सापडलेल्या बाळाचा फोटो ग्रुपवर टाकू नका! मग लेकरांना घर मिळवून देणारा फोटो कुठे लागतो?

सातारा/सांगली : ओढ्याकाठी, देवळाच्या पायरीवर किंवा उसाच्या फडाशेजारी नवजात बाळ सापडलं, की पोलीस पोचायच्या आधी फोटो पोचतो. आधी गावाच्या ग्रुपवर, मग तालुक्याच्या, मग पाहुण्यारावळ्यांच्या. खाली लिहिलेलं असतं, 'जास्तीत जास्त शेअर करा, लेकराला आईबाप मिळतील.' हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण असा फोटो पसरवणं कायद्याने गुन्हा आहे आणि त्यातून बाळाला आईबाप मिळत नाहीत.

बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट छापता येत नाही, दाखवता येत नाही. हे पेपर आणि टीव्हीपुरतं नाही. कायद्यात 'संपर्काचे इतर कोणतेही साधन' असा उल्लेख आहे, म्हणजे तुमच्या हातातला मोबाईलही आला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाच्या हिताचं असेल तर बाल कल्याण समिती लेखी कारण नोंदवून परवानगी देऊ शकते. सापडलेल्या बाळाच्या आईवडिलांचा शोध घेण्यासाठी सरकारी यंत्रणा वर्तमानपत्रात त्याचा फोटो देते, तो याच रीतसर वाटेने. बाकी कुणालाही तो अधिकार नाही.

एवढी कडक तरतूद का, तर आजचं बाळ उद्या पंधरा वर्षांचं होणार आहे. आपण रडत पडलेलो असताना माणसं मोबाईल धरून उभी आहेत, असा व्हिडिओ त्याने वर्गातल्या पोरांच्या हातात पाहावा, हे कुणाला चालेल? शिवाय त्या व्हिडिओवरून गाव आधी आईचा शोध लावत बसतं.

बाळ सापडलं तर आधी त्याला उबेत घ्यावं आणि १०९८ किंवा ११२ ला फोन करावा, पोलीस पाटलांना सांगावं. २४ तासांच्या आत पोलीस, चाइल्डलाइन, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवणं बंधनकारक आहे. 'मूलबाळ नसलेल्या ओळखीच्या जोडप्याला देऊन टाकू' हा विचार मनात आला तरी करू नये. कायद्याची पद्धत डावलून मूल दत्तक दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे घेऊन दिलं तर पाच वर्षांपर्यंत. स्टॅम्प पेपरवर दत्तकपत्र करून नोटरीचा शिक्का मारला, की काम झालं असं आपल्याकडे सर्रास मानतात. बेवारस मुलाच्या बाबतीत त्या कागदाला काही किंमत नाही.

ज्या आईला मूल सांभाळणं शक्यच नाही, तिला ते बाल कल्याण समितीसमोर रीतसर सोपवता येतं. नाव गुप्त राहतं आणि विचार बदलायला ६० दिवस मिळतात. गुप्ततेची ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. जोतीराव फुले यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. या दोघांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे विधवांना नाव गुप्त ठेवून बाळंत होता येई. तिथेच जन्मलेल्या मुलाला या जोडप्याने दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

आता फोटोकडे येऊ. सापडलेलं बाळ बाल कल्याण समितीसमोर येतं. पालकांचा शोध लागला नाही, तर समिती त्याला दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त ठरवते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ही मुदत दोन महिने, त्याहून मोठ्यासाठी चार महिने. मग विशेष दत्तक संस्था 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर तीन गोष्टी चढवते: मुलाचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणी अहवाल आणि फोटो. नोंदणी केलेल्या पालकांचा रांगेत नंबर आला, की त्यांच्या लॉगिनवर हे तिन्ही दिसतं. ४८ तासांत त्यांनी मूल राखून ठेवायचं असतं. पुढची कागदपत्रं झाली, की अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. १ सप्टेंबर २०२२ पूर्वी तो न्यायालयातून घ्यावा लागे.

तान्ह्या, धडधाकट बाळासाठी पालकांची रांग इतकी लांब आहे, की तीन-तीन वर्षं थांबावं लागतं. त्याचा फोटो जरा धूसर आला म्हणून काही अडत नाही. अडतं ते आठ-दहा वर्षांच्या पोराचं, दोघा-तिघा भावंडांचं आणि अपंगत्व किंवा आजार असलेल्या लेकराचं. २०२४-२५ मध्ये ४,५१५ मुलं दत्तक गेली, तरी ही मुलं मागेच राहतात. अशा मुलांची माहिती नोंदणीकृत पालकांना रांगेत न थांबता पाहता येते. आणि तिथे पालक आधी अहवाल वाचत नाहीत, माणूस आधी चेहराच बघतो. ट्यूबलाइटखाली, भिंतीला टेकवून, घाबरलेल्या अवस्थेत काढलेला फोटो असेल तर आजाराचं नाव तेवढं डोळ्यांत भरतं, पोरगं दिसतच नाही.

ही अडचण अमेरिकेत एका बाईंनी ओळखली. न्यू मेक्सिको राज्यात डायन ग्रॅनिटो मुलांना दत्तक पालक मिळवून देण्याच्या सरकारी कामात होत्या. त्यांनी नामांकित फोटोग्राफरना विनंती केली, की एक पैसा न घेता या मुलांचे चांगले फोटो काढून द्या. २००१ मध्ये सांता फे शहरातल्या कलादालनात त्या फोटोंचं पहिलं प्रदर्शन भरलं. 'हार्ट गॅलरी' नावाचा हा उपक्रम पुढे अमेरिकेच्या अनेक राज्यांत गेला आणि फोटो पाहून आलेल्या पालकांनी मुलं घरी नेली.

आपल्याकडे असं प्रदर्शन भरवता येणार नाही, कलम ७४ आडवं येतं. पण पोर्टलवर जाणारा फोटो चांगला असावा, याला कायद्याची काही आडकाठी नाही. लग्नसराई संपली की कराड, विटा, जत, फलटणचे फोटोग्राफर काही दिवस मोकळे असतात. कुणाला वाटलं, तर आपल्या जिल्ह्याच्या महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात भेटून विचारावं. तिथून विशेष दत्तक संस्थेपर्यंत पोचता येतं. परवानगी लेखीच घ्यावी, फोटो संस्थेतच काढावेत, संस्थेचं माणूस सोबत असावं. काम झालं की फोटो संस्थेच्या ताब्यात द्यायचे आणि आपल्या कार्डातून, लॅपटॉपमधून, मोबाईलच्या बॅकअपमधूनही पुसायचे. स्टुडिओचं नाव कोपऱ्यात टाकायचं नाही. स्टेटसला तर अजिबात नाही. नाव मिळवायचं असेल, त्याने या कामात पडूच नये.

फोटो काढायची रीतही लग्नापेक्षा वेगळी. छत्र्या आणि फ्लॅश गाडीतच राहू द्या. खिडकीजवळचा किंवा व्हरांड्यातला सकाळचा उजेड पुरतो. जमिनीवर मांडी घालून बसावं, म्हणजे कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसतं खेळावं. 'हस की' म्हणून पोर हसत नाही, चेंडू फेकल्यावर हसतं. कपडे त्याचे रोजचेच, पण स्वच्छ. रंग उजळ करणारा फिल्टर कटाक्षाने टाळावा. ओठाला चीर असेल, पायात बूट-पट्टा असेल तर तो झाकू नये. पालकांनी खरं मूल पाहूनच होय म्हणायला हवं. मोठ्या मुलाला आधी विचारावं, फोटो कशासाठी हे संस्थेच्या समाजसेविकेने त्याला समजेल असं सांगावं. तो नको म्हणाला तर त्या दिवशी राहू द्यावं. आणि 'आता तुला नक्की घर मिळणार' असा शब्द चुकूनही देऊ नये. पोरं असे शब्द वर्षानुवर्षं धरून बसतात. मुलं भराभर वाढतात, तेव्हा काही महिन्यांनी परत जाऊन नवा फोटो काढून द्यावा लागतो, हेही आधीच धरून चालावं.

आणखी एक काम आहे, पोर्टलशी त्याचा काही संबंध नाही. घरात वाढलेल्या मुलाचे बारशाचे, पहिल्या वाढदिवसाचे फोटो कुठल्या तरी पेटीत सापडतात. संस्थेतल्या मुलाजवळ तसं काहीच नसतं. दात पडल्याचा, पहिल्यांदा सायकल चालवल्याचा, सांभाळणाऱ्या मावशीच्या कडेवरचा, असे दहा-बारा फोटो छापून अल्बम केला आणि संस्थेकडे दिला, तर मूल नव्या घरी जाताना तो सोबत जातो. खर्च फार नाही, आणि छपाई स्वतःच्या स्टुडिओत केली तर फोटो बाहेर जायचीही भीती नाही.