नळाच्या पाण्यातला समुद्र

खाऱ्या पाण्याची टाकी पुण्यात ठेवायची म्हणजे समुद्र नळातून आणावा लागतो. सदाशिव पेठेत येणारे पाणी खडकवासल्याचे, पर्वतीच्या जलकेंद्रातून शुद्ध होऊन आलेले. प्यायला उत्तम, पण त्यातला क्लोरिन आणि विरघळलेले क्षार टाकीतल्या नाजूक जिवांना सोसत नाहीत. म्हणून ते पाणी आधी आरओमधून आणि मग डीआय रेझिनमधून काढायचे, मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, शून्य दिसला की लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ घालायचे. या मिठात सोडियम क्लोराइडच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि लेशमात्र स्ट्रॉन्शियमही असते. २०१८ साली असे पाणी मी पहिल्यांदा टाकीत भरले. आज मागे वळून पाहताना या काळातला सर्वांत मोठा वाटा एका बोटभर उंचीच्या तपकिरी समुद्रफुलाने घेतलेला दिसतो.

हौसेचे मूळ मुंबईत आहे. मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी समुद्राच्या पाण्याखालचे जग पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या सहलीत, तिथल्या काचेला नाक लावून. नूतनीकरणानंतर मार्च २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा आत ॲक्रिलिकचा बोगदाही झाला होता. गेली काही वर्षे त्याची दारे पुन्हा बंद आहेत. माझ्या मते हे राज्याचे मोठे नुकसान आहे. ज्या राज्याला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे, तिथल्या मुलाला जिवंत समुद्रफूल पाहायला एक तरी सार्वजनिक जागा हवी.

घरातल्या प्रवाळटाकीचे आजचे तंत्र मात्र परदेशातून आले. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून आणलेला जिवंत दगड, भरपूर प्रकाश आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत. पुढे जर्मन हौशी मंडळींनी त्याला प्रोटीन स्किमरची, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मळ फेसातून काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली आणि तीच ‘बर्लिन पद्धत’ म्हणून रूढ झाली. या साऱ्याचा कणा म्हणजे जिवंत दगड. त्याच्या बारीक छिद्रांत राहणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे नायट्रेटचाही नायट्रोजन वायू होतो.

भारतात हा कणाच समुद्रातून आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. जुलै २००१ मध्ये सर्व अश्मप्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा बाळगणेही त्यामुळे बेकायदा ठरते. समुद्रातून उपसलेल्या दगडात प्रवाळाचा सांगाडाच असतो. १९८७ पासून अभयारण्य असलेल्या मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे. ते तिथेच राहावे. माझ्या टाकीत मी त्या यादीत नसलेले झोअँथिड आणि मशरूम प्रवाळ ठेवतो, आणि त्यात मला काही कमी वाटत नाही.

दगड घरी केला. एक भाग पांढरे सिमेंट, चार-पाच भाग कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा आणि खडे मीठ. हे मिश्रण ओल्या वाळूत खड्डे करून ओतायचे. घट्ट झाल्यावर पाण्यात टाकले की मीठ विरघळून जाते आणि त्याच्या जागी छिद्रे राहतात. सिमेंट सुरुवातीला पाण्याचा पीएच अकरा-बारापर्यंत नेते, म्हणून गच्चीवरच्या पिंपात पाणी बदलत कित्येक आठवडे हे दगड मुरवावे लागतात. पीएच आठाच्या आसपास स्थिरावला की काम झाले. दगड एकमेकांना न चिकटवता मी नुसते रचले, प्रत्येक दगड एका हाताने उचलता येईल असा. पुढच्या सगळ्या कथेत या निर्णयाइतके मोलाचे काही नाही.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे काठोकाठ सुमारे २५५ लिटर. काच, स्टँड, खालचा सम्प धरून भार चारशे किलोच्या घरात जातो. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर हे धाडस कोणी करू नये. आमची इमारत आरसीसीची आहे, तरीही टाकी तुळईच्या वर, भिंतीला समांतर ठेवली. मग सायकल, म्हणजे टाकीत जिवाणूंची वस्ती जमण्याचा काळ. अमोनिया चढला, उतरला; नायट्राइट चढला, उतरला. त्यानंतर वाळूवर डायटमचा तपकिरी थर आला, मग हिरवे शेवाळ, आणि मग हळूहळू दोन्ही ओसरले. या काळात काहीही करू नये. औषध टाकू नये, मासे आणू नयेत, वाळू ढवळू नये.

पहिले मासे क्लाउनफिशची जोडी, हॅचरीत जन्मलेली. कोचीच्या सीएमएफआरआयने या माशांच्या प्रजननाचे तंत्र भारतात बसवले आणि आपल्याकडे कांदळवन प्रतिष्ठानच्या ऐरोलीच्या केंद्रातही ते काम चालते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम काढले, त्यात १५८ जातींची यादी होती आणि क्लाउनफिशही त्यात होता. ते नियम पुढे मागे घेतले गेले. पण प्रश्न खरा होता: प्रवाळावरून जाळ्याने उचललेला मासा आणि टाकीत वाढलेले पिल्लू यांत विकत घेणाऱ्याने फरक केलाच पाहिजे.

पुण्याच्या हवेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. टाकीला २५-२६ अंश हवे असतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या आसपास पारा असताना पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण त्याबरोबर रोज काही लिटर पाणी उडते. उडते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. डिसेंबरच्या रात्री उलट हीटर लागतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा घरात बराच वेळ वीज नव्हती. बॅटरीवर चालणाऱ्या साध्या हवेच्या पंपाने टाकी तगली. स्किमरवर हजारो रुपये घालणाऱ्या प्रत्येकाने आधी हा पंप घ्यावा.

एप्टेशिया, म्हणजे सुरुवातीला म्हटलेले ते तपकिरी समुद्रफूल, दिसले पुराच्या पुढच्या वर्षी, टाळेबंदीच्या सुमारास. झोअँथिडचा एक तुकडा एका हौशी मित्राकडून आला होता. औषधी द्रावणात बुडवून, भिंगाखाली पाहून घेतलेला. पण एप्टेशियाचे पिल्लू तांदळाच्या कणीएवढे असते आणि तुकड्याच्या बुडाशी एखाद्या भेगेत बसते. मोठे झाले की एक पारदर्शक तपकिरी देठ आणि वर लांब, निमुळत्या स्पर्शिकांचा झुबका. बोट जवळ नेले की क्षणात छिद्रात आत. शेजारच्या झोअँथिडना ते डंख करते आणि ते मिटून बसतात. त्याचा भाऊबंद माजानो आखूड, जाडसर, टोकांना हिरवी झाक असलेला. दिसायला सुंदर, म्हणून कित्येक जण तो जपतात आणि वर्षभरात दगडभर झाल्यावर शुद्धीवर येतात.

चिमट्याने ओढून एप्टेशिया निघत नाही. त्याच्या पायाचा कण जरी दगडाला राहिला तरी त्यातून नवे समुद्रफूल उगवते. एवढेच काय, आपले आपण सरकतानाही ते पायाचे बारीक तुकडे मागे सोडत जाते आणि तुकड्यागणिक एक पिल्लू होते. पेशींत राहणारे शैवाल त्याला प्रकाशातून अन्न देते, शिवाय पाण्यात तरंगणारा खाऊचा कण ते पकडते. अंधारात ठेवले तर पांढरे पडते, पण मरत नाही. नेमक्या याच गुणामुळे जगभरच्या प्रयोगशाळांना ते हवेसे आहे. प्रवाळ आणि शैवाल यांचे नाते कसे जुळते आणि पाणी तापले की का तुटते, हे एप्टेशियावर तपासता येते, कारण शैवाल गेले तरी ते जिवंत राहते आणि पुन्हा शैवाल स्वीकारते. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठाच्या चमूने २०१५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये पांढरे पडले; त्याचे कारण समजून घेण्याच्या वाटेवर आमच्या टाकीतली ही कीड उभी आहे. हे कळल्यापासून तिच्याबद्दल मला आदर वाटतो. टाकीतून तिला काढतो, तरीही.

उपाय अनेक सांगितले जातात. बर्गिया नावाची इवलीशी समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशिया खाते आणि ते संपले की उपाशी मरते. आपल्याकडे ती सहज मिळत नाही. पेपरमिंट कोळंबी खाते, पण त्या नावाने दुकानात अनेकदा कॅमल कोळंबी हाती पडते आणि ती झोअँथिडच कुरतडू लागते. कॉपरबँड बटरफ्लायफिश खातो, पण बंद टाकीत त्याला अन्नाची सवय लागणे अवघड आणि बरेच मासे उपासमारीने जातात. साफसफाईचे हत्यार म्हणून एक जिवंत मासा आणून मारणे मला मान्य नाही.

मी चुना वापरला. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड थोड्या आरओ पाण्यात दाट कालवायचे, मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजमध्ये भरायचे, सगळे पंप बंद करायचे. मग अगदी सावकाश, स्पर्शिका मिटू न देता, समुद्रफुलाच्या तोंडावर लेप सोडायचा. दहा-पंधरा मिनिटांनी पांढरी साय नळीने ओढून घ्यायची. एका वेळी थोडीच, कारण चुन्याने पीएच झपाट्याने चढतो. उघड्यावरची समुद्रफुले यात जातात. खोल छिद्रातल्यांसाठी सुटा दगड कामी आला: तो उचलायचा, त्यावर काही मोलाचे नसेल तर एप्रिलच्या उन्हात गच्चीवर पुरता वाळवायचा आणि पुन्हा मुरवून आत ठेवायचा. दगड उकळू मात्र कधीही नये. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असते आणि वाफेबरोबर ते फुप्फुसात जाते. २०१८ मध्ये इंग्लंडात टाकीतले प्रवाळ बाहेर काढून साफ करताना एका कुटुंबाला इस्पितळात जावे लागले होते. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

तरी संख्या खरी उतरली ती खाऊ कमी केल्यावर. गोठवलेले खाद्य मी चहाच्या गाळणीत धुऊन, पाणी फेकून, चिमूट-चिमूट घालू लागलो. मासे सुदृढच राहिले. नायट्रेट पाच-दहाच्या दरम्यान आला, आणि ज्या कोपऱ्यांत प्रवाह खाऊ नेऊन टाकत असे तिथली समुद्रफुले आखडली. तेव्हापासून कोणी टाकी दाखवून ‘एप्टेशिया फार झालेत’ म्हणाले की मी आधी विचारतो, दिवसातून किती वेळा खायला घालता.

आज मुख्य टाकीत एखादे दिसते, ओव्हरफ्लोच्या पेटीत आणि सम्पमध्ये काही आहेत. तिथे ती कोणाला डंख करत नाहीत, म्हणून तिथे चुना नेत नाही. माझ्याकडून झोअँथिडचा तुकडा कोणाला हवा असेल तर तो जुन्या बुडावरून कापून नव्या, कोऱ्या बुडावर चिकटवतो, महिनाभर वेगळ्या काचेत ठेवतो आणि रोज रात्री टॉर्च मारून पाहतो. एप्टेशियाचे पिल्लू तेवढ्या दिवसांत डोळ्यांना दिसेल इतके वाढते. दिसले तर तो तुकडा जात नाही.