डुलत्या शिळेचं बूड

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या ट्रीन गावाजवळच्या समुद्रकड्यावर ग्रॅनाइटची एक प्रचंड शिळा आहे. वजन सुमारे 80 टन. नाव ‘लॉगन रॉक’. तिकडच्या जुन्या बोलीत ‘लॉग’ म्हणजे डुलणं. एके काळी एकटा माणूस हातांनी रेटून तिला डुलवत असे.

एवढं धूड हलतं आणि तरी पडत नाही, याचं इंगित बुडाशी आहे. अशा शिळेचं बूड किंचित फुगीर असतं आणि जेमतेम जागेवर टेकलेलं असतं. शिळा कलली की टेकण्याची जागाही त्याच बाजूला सरकते. बुडाचा बाक पुरेसा पसरट असेल, तर ही जागा गुरुत्वमध्याच्याही पुढे जाते आणि शिळेचं वजनच तिला मागे आणतं. ही ओढ अगदी थोडी असते, म्हणून हाताचा जोर पुरतो. फक्त झोपाळ्याला देतो तसा रेटा लयीत द्यावा लागतो.

हे बूड घडवलं पाण्याने. जमिनीखाली शिलारस थिजून 27 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी हा ग्रॅनाइट तयार झाला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. त्यांत झिरपलेल्या पाण्याने फेल्डस्पार या खनिजाची माती केली. भेगांनी पाडलेल्या ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तिन्ही अंगांनी मारा होतो, सपाट बाजूवर एकाच अंगाने. साहजिकच कोपरे आधी झिजतात. माती वाहून गेली की एकावर एक गोलसर धोंडे उरतात.

कोणतीही तरफ लावली तरी ही शिळा जागची हलणार नाही, असं कॉर्नवॉलच्या प्राचीन अवशेषांचे अभ्यासक विल्यम बोर्लेस यांनी 18व्या शतकात लिहून ठेवलं होतं. एप्रिल 1824मध्ये नौदलातल्या लेफ्टनंट ह्यू गोल्डस्मिथने खलाशी आणि पहारी नेऊन ती पाडून दाखवली! लोक खवळले. कॉर्नवॉलचे शास्त्रज्ञ आणि खासदार डेव्हिस गिल्बर्ट यांनी मध्यस्थी केली, नौदलाने कप्प्या आणि साखळदंड दिले, आणि नोव्हेंबरमध्ये हजारोंच्या देखत गोल्डस्मिथलाच ती पुन्हा चढवावी लागली. शिळा चढली, पण पूर्वीसारखी सहज डुलेना. लाखो वर्षांच्या झिजेने जुळलेली बैठक कप्प्यांनी कशी जुळणार?

जगभरच्या अशा तोललेल्या दगडांना हात न लावण्याचं आता आणखी एक कारण आहे. अमेरिकेत भूकंपशास्त्रज्ञ जेम्स ब्रून यांनी 1990च्या दशकात या दगडांचा भूकंपाच्या अभ्यासासाठी उपयोग सुरू केला. दगड केवढ्या हादऱ्याने कोसळेल आणि किती हजार वर्षं तसाच उभा आहे, हे काढता आलं, की तेवढ्या काळात तिथे त्याहून मोठा हादरा बसलेला नाही हे कळतं. भूकंपमापकांच्या नोंदी मात्र जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांच्या आहेत.